उलटा तीन

"हे खेळायला निघालेत की नदीवर आंघोळीला?"

चंद्रकला हे मैत्रिणीच्या, पारूच्या, कानात म्हणाली. पण तिच्या कुजबुजीची जातच अशी, की चार माणसांपलीकडे ऐकू जायची. पटांगणाच्या कडेला उभ्या असलेल्या बायका फिस्कन हसल्या. आणि नेमका तेव्हाच, बाहेर गेलेला चेंडू उचलायला एक उंच माणूस तिच्या पुढ्यात वाकला होता. तो सरळ झाला. गुडघ्याकडे निघालेल्या आपल्या ढगळ बनियनकडे त्यानं एकदा पाहिलं, मग तिच्याकडे.

"आंघोळ घरूनच करून आलोय, बाई," तो म्हणाला. "पण आता पुन्हा करावी लागणार, हे खरं."

आणि चेंडू आपटत तो निघून गेला. चंद्रकलेचे कान तापले. पौषातल्या जव्हारच्या थंडीत कान तापणं तसं सोपं नव्हतं.

हा देवजी मास्तर. साखरशेतच्या नाचणीच्या शेतातून उठून थेट कांदिवलीला गेला, व्यायामशिक्षकाचा कोर्स करून आला आणि शाळेत हंगामी नोकरीवर लागला. येताना त्यानं बास्केटबॉल नावाचा खेळ आणला. दोन खांब रोवले, लोहाराकडून दोन लोखंडी कडी करून घेतली, त्यांना जाळी लावली आणि गावातल्या तरण्या मुलांना पळायला लावलं. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'टोपलीचा खेळ' ठेवून टाकलं. टोपल्या विणण्यात हयात गेलेल्या ढवळूबाबानं मान वर करून ते कडं नीट न्याहाळलं होतं.

"मास्तर, तुजे टोपलीला बूड नाय," त्यानं सांगितलं होतं. "फसवला तुला. मी देतू बूड करून."

चंद्रकला बोलली त्या दिवशीच्या सामन्यात दोन्ही बाजू पांढऱ्या बनियनमध्ये होत्या. सुकऱ्यानं, म्हणजे संघातल्या सगळ्यात तगड्या गड्यानं, तीन वेळा चेंडू सरळ शत्रूच्या हातात नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी चंद्रकला दुकानात मशीनवर बसली होती. दुकान तिच्या वडिलांचं. तुकाबाबा एके काळी संस्थानाच्या बँडचे लाल कोट शिवायचे. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, बँड मोडला, आणि तेव्हापासून ते शाळेचे सदरे आणि लेंगे शिवत होते. आता सात वर्षं झाली, पण सदऱ्याची कॉलर अजून बँडच्या कोटासारखीच ताठ निघायची. त्याबद्दल गाव कुरकुरायचं, आणि शिवायला पुन्हा त्यांच्याकडेच यायचं.

दारात सावली पडली. चंद्रकलेनं वर पाहिलं आणि पायाची लय चुकली.

"काल तुम्ही बोललात ते खरं आहे," देवजी म्हणाला. "ध्यान दिसतो आम्ही."

"मी... माझ्या मैत्रिणीशी बोलत होते."

"ते सगळ्या पटांगणानं ऐकलं. नावं ठेवलीत, आता शिवूनही द्या. फाल्गुनात डहाणूचा संघ येतोय. सात गणवेश लागतील."

"शिवीन की. पण माझ्या मनासारखे."

"माझ्या मनासारखे," देवजी म्हणाला.

झालं. तिथून जी जुंपली ती महिनाभर. त्याला चड्डी गुडघ्याच्या वर हवी, पळताना अडकू नये म्हणून. तिचं म्हणणं, गुडघा दिसला तर पहिल्या दिवशी लोक खेळ बघणारच नाहीत, गुडघेच बघतील. त्याला गळा खोल हवा, तिला काखेत जागा जास्त हवी. तो रोज शाळा सुटली की यायचा, मापाची पट्टी हातात घेऊन वाद घालायचा, आणि ती तोंडात टाचण्या धरून उत्तरं द्यायची. टाचण्या असल्या की तिला हसू दाबता यायचं, हे त्याच्या लक्षात यायला दोन आठवडे लागले.

"टाचण्या काढा आणि मग नाही म्हणा," तो एकदा म्हणाला.

तिनं टाचण्या काढल्या. पण 'नाही' काही नीट म्हणता येईना...

गावालाही मतं होतीच. पोस्टमनचं म्हणणं, खाकीच बरी, मळ दिसत नाही. ढवळूबाबाला बाह्या हव्या होत्या. बिनबाह्यांचं कापड म्हणजे शिंप्यानं चोरलेलं कापड, असं त्याला वाटायचं. सुकऱ्याला एकच गोष्ट पाहिजे होती.

"खिसा ठेव, बाय. इकडं, छातीवं."

"कशाला?"

"बिडीला."

"सामन्यात बिडी ओढणार?"

"नाय गं. पन जवळ असली का धीर येतं."

खिसा मिळाला नाही. रंगावरून मात्र घोडं अडलं. मास्तरला निळा हवा होता, चंद्रकलेला लाल. शेवटी एका संध्याकाळी तुकाबाबांनी कात्री खाली ठेवली.

"तुमचा दोघांचा छत्तीसचा आकडा आहे," ते म्हणाले. "तीन आणि सहा. जन्मभर पाठीला पाठ लावून बसतील, पण एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत."

देवजी ओशाळला. चंद्रकलेला ते बोलणं उगाचच लागलं. तुकाबाबा उठले, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि आतून लाल सुती कापडाचा तागा काढला. बँडच्या कोटांचं अस्तर. शेवटचे कोट शिवायचे राहून गेले आणि अस्तर तसंच पडून राहिलं होतं.

"वरचं कापड जाड असायचं, त्यात घाम फुटायचा. अस्तर हलकं आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं आत राहिलं. एकदा बाहेरून मिरवू दे."

देवजीनं कापडावरून हात फिरवला. निळ्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "लाल चांगला आहे. तुमचं बरोबर होतं."

त्या रात्रीच्या भाकरीत मीठ जास्त पडलं. तुकाबाबांनी वर दोन तांबे पाणी पिऊन ती संपवली.

आकडे पांढऱ्या पॉपलीनचे ठरले, पाठीवर, वीतभर उंच. सुरुवात तीनपासून, पंच बोटांनी एक आणि दोन गुण दाखवतात, घोटाळा नको, असं देवजीनं समजावलं. तीन नंबर त्याचा, सहा सुकऱ्याचा. चंद्रकला आकडे कापायची, लाल पाठीवर ठेवून कडेनं खडू फिरवायची आणि शिवायची. सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा एक उरला होता, देवजीचा. तेव्हाच पारू आली. पारूचा भाऊ शाळेत कारकून होता.

"तुला कळलं का? देवजी मास्तरची नोकरी जूनपर्यंतच हाय. उद्या ठाण्याचं साहेब येतंय खेळ बघाया. त्याला आवडला तं मास्तर कायम, नाय तं गेला."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? जिथं नोकरी भेटंल तिथं. मुंबईला जाईल, नाय तं घरी नाचणी लावील."

चंद्रकलेचं मशीन चालू होतं, हात चालू होता. आकडा शिवून झाला, धागा तुटला, घडी पडली. त्या घडीकडे तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही. आपण महिनाभर एका माणसाशी भांडतोय असं तिला वाटत होतं. भांडत नव्हतोच, हे तिला त्या दुपारी कळलं.

सामन्याला सारा गाव लोटला. मोहाची फुलं गळायला लागली होती आणि पटांगणभर तो गोडसर वास होता. साहेब खुर्चीत बसले होते. लाल कपड्यांत सात जण धावत आले आणि गावानं माना उंचावल्या.

"बँड आला जसा," कुणीतरी म्हणालं.

"गुडगं दिसतान," ढवळूबाबानं नोंदवलं. थोड्या वेळानं म्हणाला, "पन बरं दिसतान."

चंद्रकलेच्या मनावरचं ओझं जरासं उतरतंय तोच पंचांनी शिट्टी वाजवली. ते देवजी आणि सुकऱ्याच्या पाठी बघत उभे होते.

"दोन सहा नंबर? आणि यादीत तीन आहे, तो कुठंय?"

चंद्रकला उठून उभी राहिली. तिला लांबूनच दिसलं. चार उलटा लागला तर शेंबड्या पोरालाही कळतं. पण तीन उलटा लागला की त्याचा साळसूद सहा होतो, आणि शहाणी माणसंही फसतात.

"एकाला बसावं लागेल," पंच म्हणाले. "नियम आहे. नाहीतर दहा मिनिटांत आकडा बदला."

सुकऱ्या बसला तर संघाचं बळ गेलं आणि देवजी बसला तर खेळच गेला. साहेबांनी घड्याळ काढलं. आणि चंद्रकला, जी आजवर बायकांच्या बाजूची दोरी ओलांडून कधी गेली नव्हती, ती कात्री आणि सुईदोरा घेऊन सरळ पटांगणाच्या मधोमध गेली.

"काढा ते," ती म्हणाली.

देवजीनं बायकांनी भरलेल्या त्या बाजूकडे पाहिलं. "आत काही नाही."

"मग बसा खाली. हलू नका."

तो मांडी घालून बसला. ती मागे गुडघ्यांवर बसली आणि उसवायला लागली. सारा गाव बघत होता. एकेक करून टाके निघत होते. आकडा सुटला. उसवताना त्या जागचं कापड ओढलं गेलं होतं, तिथं सुई धरेना. तिनं पांढरा आकडा उलटा केला, पाऊण वीत उजवीकडे सरकवला आणि टाके घालायला घेतले.

"श्वास तरी घेऊ का?" देवजीनं विचारलं.

"घ्या. थोडा थोडा."

तिनं दोन टाके घातले. मग तो हळूच म्हणाला, "तुमच्या हातून कधी चूक होत नाही. चड्डीची शिवण अर्ध्या बोटानं चुकली तर परत उसवणाऱ्या तुम्ही. ही कशी झाली?"

तोंडासमोर विचारलं असतं तर तिनं टाचण्या शोधल्या असत्या. पण समोर नुसती पाठ होती, घामानं ओली, लाल, ऐकत असलेली. पाठीशी बोलणं सोपं होतं.

"पारू सांगत होती... की तुम्ही जूनमध्ये जाणार कदाचित," ती म्हणाली. "तेव्हा मी तुमचा तीन लावत होते."

तिच्या बोटांखाली ती पाठ एकदम थांबली. वर नाही, खाली नाही.

"मास्तर, श्वास घ्या. टाका चुकेल."

"घेतो," तो म्हणाला. "पण तुम्हीही ऐका. निळा मला कधी आवडलाच नव्हता. लालला हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी यायला काही कारण उरलं नसतं."

कात्री कुठे ठेवली ते तिला आठवेना. ती वाकली आणि देवजीच्या पाठीवरचा धागा दातांनी तोडला. बायकांच्या बाजूला एक मोठा श्वास एकदमच घेतला गेला. त्यानंतर सामना संपेपर्यंत गावातलं कुणीही गणवेशाबद्दल बोललं नाही; बोलायला दुसरा विषय मिळाला होता.

जव्हार दोन गुणांनी हरलं. सुकऱ्यानं चेंडू एकदाही चुकीच्या हातात दिला नाही, आणि खिसा नसल्याचं खापर मात्र चंद्रकलेवर फोडलं.

आठ दिवसांनी देवजी दुकानात आला. एका हातात सरकारी कागद, दुसऱ्यात धुतलेला लाल गणवेश.

"कायम झालो," तो म्हणाला.

चंद्रकलेचा चेहरा उजळला. त्याचा नाही.

"पण मोखाड्याला. तिथं नवीन शाळेत खेळ सुरू करायचाय."

मशीनचं चाक फिरत फिरत थांबलं. मोखाडा काही परमुलूख नव्हे; पण रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर दारात सावली पडण्याइतकं जवळही नाही.

"तिथं गणवेश शिवणारं कुणी नाही," देवजी म्हणाला.

"मोखाड्याला जाऊन येऊन शिवायचं म्हणजे..." तिनं खाली बघत म्हटलं, "दिवस मोडेल रोजचा."

"जाऊन येऊन म्हणत नाहीये मी."

तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. तिनं नाही म्हटलं नाही. हसूही दाबलं नाही.

तुकाबाबा आतल्या बाजूला काज करत बसले होते. त्यांनी खाकरून चष्मा सारखा केला. देवजीला एकदम आपण कुठे उभे आहोत ते आठवलं. त्यानं घाईघाईनं गणवेश पुढे केला.

"तुकाकाका, हे... जुन्या टाक्यांची भोकं राहिलीत. खडूही धुतला तरी जात नाही. तेवढं काढून मिळेल का, म्हणून आलो होतो."

"तेवढ्यासाठी," तुकाबाबा म्हणाले, आणि कापड उजेडात धरलं.

उजवीकडे पांढरा तीन होता, घाईघाईच्या टाक्यांचा, जरा वाकडा. त्याच्या डावीकडे खडूची पुसट रेघ आणि सुईची बारीक भोकं, जिथं आधी चुकीचा सहा होता. म्हाताऱ्यानं ते बराच वेळ पाहिलं. मग चंद्रकलेला जवळ बोलावून दाखवलं.

"काय दिसतंय?"

तिनं वाचलं, आणि त्या भोकांवरून बोट फिरवलं.

"त्रेसष्ट," देवजी तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला.

"आकडे तेच. फक्त जागा बदलल्या, म्हणून तोंडं समोरासमोर आली." तुकाबाबांनी गणवेशाची घडी घातली, बँडच्या कोटाची घालत तशी, काळजीपूर्वक, आणि देवजीच्या नव्हे, चंद्रकलेच्या हातात दिली. "खडू काढायचा नाही. मोखाड्याला नेशील तेव्हा असाच ने."