बीप वाजेपर्यंत थांबा

नळ खाकरला.

दुपारच्या चिडीचूप घरात तेवढासा आवाजही भांडं पडल्यासारखा वाटला. धम्मदीना हातातलं काम टाकून मोरीकडे धावली. नर्मदेचं पाणी दिवसाआड यायचं, आणि आलं तरी हट्टी पाहुण्यासारखं, मर्जी असेल तेवढाच वेळ. आतल्या खोलीत तिचे बाबा, किसनराव, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मिल बंद होऊन दुसरं वर्ष लागलं, तरी अंगातली रातपाळी काही जात नव्हती. दुपार झाली की डोळे आपोआप मिटायचे.

तिने बादली नळाखाली सरकवली आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. एका हातात पांढरं हेल्मेट, दुसऱ्या हातात ओल्या कागदाचा लगदा, आणि चेहरा पाटी फोडून आलेल्या पोरासारखा.

"कम्प्यूटरवाल्या मॅडम इथेच राहतात?"

"मीच. काय काम होतं?"

"मॅडम, एक गलती झाली... पट्टी धुतली गेली."

धम्मदीनाने कपाळाला हात लावला.

उद्या सकाळी सांवेर रोडपलीकडच्या माळावर मोटरसायकलींची शर्यत होती. खड्डे, चढ-उतार, टँकर ओतून मुद्दाम केलेला चिखल. हिवाळाभर अशा चार शर्यती व्हायच्या होत्या, त्यातली ही पहिली. आणि यंदा फेऱ्या माणसं मोजणार नव्हती, कम्प्यूटर मोजणार होता. प्रत्येकाच्या हेल्मेटवर काळ्या रेघांची एक पट्टी. फेरी संपली की रायडरने दोऱ्या बांधून केलेल्या अरुंद लेनमध्ये शिरायचं, मान झुकवायची. टेबलामागच्या धम्मदीनाने हातातल्या यंत्राने पट्टी वाचायची. बीप वाजली की फेरी जमा. ज्या कम्प्यूटर क्लासमध्ये ती नोकरीला होती त्याच्या अरविंद सरांनी हे काम घेतलं होतं, आणि आज सकाळीच तिने माइकवर सगळ्या रायडरना सूचना वाचून दाखवल्या होत्या.

"सकाळी मीटिंगला होतात ना? पट्टीला पाणी लावू नका, साबण लावू नका, असं दोनदा सांगितलं मी."

"ऐकलं ना. पूर्ण ऐकलं." तो क्षणभर थांबला. "पण आवाजच ऐकत राहिलो... मतलबाकडे ध्यान नाही गेलं."

तिला हसू आलं. ते तिने वेळीच ओठांत धरलं.

"आणि धुतलं कशाला?"

"आईने धुतलं. म्हणाली, मोठमोठे लोक येणार, हेल्मेट चमकलं पाहिजे. नीळसुद्धा घातली तिने. बघा."

खरंच, हेल्मेटला निळसर झाक आली होती. आता मात्र ती हसली. मागे मोरीत बादली भरून वाहू लागली होती. ती वळायच्या आत तो चपला काढून आत गेला, भरलेली बादली उचलून बाजूला ठेवली, रिकामी नळाखाली लावली. जणू रोजचंच काम.

"नाव?"

"प्रशिक. पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथवर आहे."

जादा पट्ट्या तिने घरीच आणून ठेवल्या होत्या. ती कपाटातून एक काढत होती तेव्हा त्याची नजर भिंतीकडे गेली. खिळ्याला एक काळं हेल्मेट टांगलेलं होतं, पुसून लख्ख केलेलं.

"घरात कोणी रायडर आहे वाटतं?"

"होता," ती म्हणाली.

खाली जमिनीवर बाहुलीला जेवू घालत बसलेली तिची लेक, मैत्री, मान वर न करता म्हणाली, "पप्पांचं आहे ते."

प्रशिक गप्प झाला. एवढ्या बोलक्या माणसाचं ते गप्प होणं तिला आवडलं, आणि आवडलं म्हणून धसका बसला. तिचा नवरा, नागसेन, गेला तेव्हा मैत्री रांगत होती. 'सियागंज बाजारापर्यंत तर जायचंय,' असं म्हणून हेल्मेट खिळ्यालाच ठेवून गाडीवर बसला होता तो...

पट्टी चिकटवून, वरून पारदर्शक टेप लावून तिने ती तळहाताने घट्ट दाबली. मग तिने सकाळचा माइकवरचा आवाज काढला.

"लेनमध्ये एक पाय टेकवायचा. मान झुकवायची. बीप वाजेपर्यंत थांबायचं."

"आणि नाहीच वाजली तर?"

"तर तुम्ही परत आलाच नाहीत, असं धरतात."

वाक्य नियमाचंच होतं. पण तोंडातून बाहेर पडल्यावर तिचं तिलाच ते ऐकवेना.

*

दुसऱ्या दिवशी माळावर धूळ, पेट्रोल आणि पोह्यांच्या वाफा यांचा एकच वास झाला होता. गाड्या सुटल्या. जमीन पायाखालून गुरगुरली. धम्मदीनाने यंत्र घट्ट धरलं. पहिल्या फेरीचे रायडर लेनमध्ये येऊ लागले... मान खाली, बीप, पुढे. मान खाली, बीप, पुढे.

मग ती निळसर झाक आली.

"आईपुढेसुद्धा एवढा वाकत नाही मी," हेल्मेटच्या आतून आवाज आला.

बीप.

"पुढे चला."

पुढच्या फेरीला तो म्हणाला, "पिवळी ओढणी बरी केलीत. लांबून दिसते."

बीप.

"मागे रांग लागलीय."

"लागू दे ना. शहरात सिग्नलला पण लागतेच."

तिसऱ्या फेरीला तो चिखलात बुडवून काढल्यासारखा आला. तिने यंत्र धरलं. आवाज नाही. पुन्हा धरलं... नाही.

"पट्टी दिसत नाहीये. पुसा ना."

"हातमोजे बघा कसे झालेत. तुम्हीच पुसा."

"आम्हाला हात लावता येत नाही. नियम आहे."

"एकदम कडक नियम आहे, भिया," तो मित्रांशी बोलायच्या सवयीने म्हणाला. दातांनी हातमोजा ओढून काढला, अंगठ्याला थुंकी लावली आणि अंदाजाने हेल्मेटवर फिरवली. बीप वाजली. वाजली तेव्हा तिला कळलं की इतका वेळ आपण श्वास धरून होतो.

आणि चौथ्या फेरीला तो आलाच नाही.

त्याच्या मागचे आले. त्यांच्या मागचेही आले. ती वाचत होती, हात चालत होता, पण डोळे पडद्यावरच्या एकाच नावाकडे जात होते. प्रत्येक नावापुढे चौथी वेळ उमटत होती. त्याच्या नावापुढची जागा कोरी. येईल. चढावर अडकला असेल. येईलच. एका रायडरला तिने विचारलं, "प्रशिक दिसला का?"

"मॅडम, नाल्याच्या उतारावर कोणीतरी पडलंय. कोण ते नाही बघितलं."

नागसेन गेला त्या संध्याकाळी तिने वरण दोनदा गरम केलं होतं. तिसऱ्यांदा पातेलं चुलीवर ठेवलं तेव्हा शेजारच्या काकांनी हाक मारली होती, आणि हाकेतच सगळं कळलं होतं... आता माळावर कोणीही हाक मारू नये, एवढंच तिला वाटत होतं. आपला काय संबंध, असंही तिने स्वतःला विचारून पाहिलं. एक पट्टी, दोन बादल्या, चार वाक्यं. तरी डोळे त्या कोऱ्या जागेवरून हलेनात.

"धम्मदीना," अरविंद सर म्हणाले, "लेनकडे बघ."

तिने घाबरत मान वळवली.

लेनच्या तोंडाशी तो होता. गाडी हाताने ढकलत, एक पाय ओढत, कोपराला खरचटलेलं. चेन तुटून मागे लोंबत होती.

"इंजिन बंद असलं तरी चालतं," तो धापा टाकत म्हणाला. "गाडी आणि रायडर दोघं लेनमध्ये आले पाहिजेत. तुम्हीच सांगितलं होतं. तेवढं लक्षात राहिलं."

त्याने मान झुकवली. बीप. तिने यंत्र पुन्हा धरलं. लगेच दुसऱ्यांदा वाचायला ते तयार होईना, नुसतंच कुरकुरलं. तिने परत धरलं.

"मॅडम... जमा झाली ना फेरी?"

"गप्प बस. मान खाली कर."

तो गप्प बसला. मान खालीच ठेवली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं, आणि दोघांनीही कळल्याचं दाखवलं नाही.

*

निकालात प्रशिकचं नाव तळातून दुसरं होतं. तरी संध्याकाळी तो घरी आला, कोपराला पट्टी बांधून.

किसनराव ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्यासारखंच की. आम्ही पण गेटवर बिल्ला दाखवायचो, मग हजेरी लागायची. आता कुठे जा, कधी या... मोजणारं कोणी नाही." मग जरा थांबून उठले. "चहा मी टाकतो. मला येतो करता."

ओट्यावर दोघंच राहिले. गल्लीतल्या दिव्यांना नुकताच पिवळेपणा चढत होता.

"पुढची शर्यत महिन्याने आहे," तो म्हणाला. "तोपर्यंत कुठे मान झुकवू?"

"मला गाडीवाल्या माणसांची भीती वाटते, प्रशिक."

"माहीत आहे. काल त्या खिळ्याकडे बघितलं तेव्हाच कळलं." त्याचा थट्टेचा सूर गेला होता. "गाडी सोड म्हणालात तर सोडेन."

गाडी सोडून हा कसा दिसेल, तिने मनात पाहिलं. तो नीट दिसेना.

"सोडू नकोस," ती म्हणाली. "पण सूचना आहेत."

"सांगा. या वेळी मतलब ऐकेन."

"कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी हेल्मेट घालायचं. उशीर होणार असेल तर नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून शेजारच्या काकांकडे फोन करायचा. आणि..."

"आणि?"

"परत यायचं... रोज."

त्याने हळूच मान झुकवली. सकाळपासून हात न लावण्याचा नियम पाळणारा तिचा हात उचलला गेला आणि त्याच्या केसांवर क्षणभर टेकला. माळावरची धूळ अजून तशीच होती त्यांत.

आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. धम्मदीनाने वळून पाहिलं. मैत्री स्टुलावर चढून टाचा उंचावून उभी होती. कपाटातली उरलेली एक पट्टी तिने काढली होती आणि खिळ्यावरच्या काळ्या हेल्मेटवर, जीभ बाहेर काढून, ती अगदी मन लावून चिकटवत होती. चिकटवून झाल्यावर तिने तळहाताने ती दाबली, आईने काल दाबली होती तशीच. मग तिने दोघांकडे पाहिलं.

"आई," तिने विचारलं, "पप्पांच्या हेल्मेटला ही पट्टी नव्हती, म्हणून ते परत नाही आले?"