भलत्या रस्त्यावरचा बाण

"आपण मुक्कामी पोहोचला आहात," गाडी ठसक्यात म्हणाली. चालवणाऱ्या मुलीने ब्रेक दाबला आणि बघते तर काय, तिच्या पेशंट आजोबांच्या घराचा पत्ताच नाही! समोर एक गॅरेज, आणि उघड्या बॉनेटमागून वर आलेला, गालाला काळं ग्रीस लागलेला एक हसरा चेहरा.

ती फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन आखडलेले खांदे, कुरकुरणारे गुडघे हलते करायचे, हे तिचं काम. आजोबा वाट बघत असणार, आणि ही बया इथे!

"तुम्हाला वरच्या रस्त्याला जायचं होतं," पडद्यावरचा बाण बघत तो म्हणाला. "आहात खालच्या रस्त्याला, पण गाडीला वाटतंय वर पोहोचलो."

"म्हणजे मी वेंधळी?"

"छे! गाडी वेंधळी." त्याने डॅशबोर्डवरची तिच्या मसाज यंत्राची पत्र्याची पेटी अलगद उचलली. "हिच्या खालीच अँटेना आहे. पत्र्यातून उपग्रहांचा सिग्नल पोहोचणार कसा? मग बिचारी अंदाजाने चालते... आणि दोन रस्ते शेजारी असले, की भलताच धरते."

तो हसला. पुढच्या दातांत बारीकशी फट होती. तिला ती फट आवडली... आता काय करणार!

मग तिची गाडी वरचेवर गॅरेजला जाऊ लागली. आज हॉर्न बसलाय, उद्या वायपर कुरकुरतोय. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आईने मात्र एकदा विचारलंच, "अगं, गाडी नवी ना? मग सारखी आजारी कशी पडते?"

आणि एके दुपारी तो म्हणाला, "मला नोकरी लागली. लांबच्या शहरात... गाड्यांची ही रस्ता दाखवणारी यंत्रं तपासायचं काम. परवा निघतो."

"छान झालं की!" ती म्हणाली, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती परत हजर. "गाडी पुन्हा बाण भलत्याच रस्त्यावर दाखवतेय."

तो शेजारच्या सीटवर येऊन बसला. डॅशबोर्डकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पेटी पुन्हा इथेच?"

"हो."

"विसरलीस?"

"नाही... मुद्दाम ठेवली." तिचे कान लालबुंद झाले. "दुसरं निमित्तच सुचेना. जाऊ नकोस, असं म्हणायला आले होते. पण काल नोकरीचं सांगताना तुझा चेहरा असा फुलला होता, की... नाही म्हणवत रे. जा तू. फक्त... माझा होऊन जा."

त्याने पेटी उचलून मांडीवर घेतली. तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

"चांगलेभले वायपर बदलत बसलो होतो," तो हळूच म्हणाला, "ते काय वायपरसाठी? तुझाच आहे मी. कधीचाच." मग घसा खाकरून, "तुझ्या आईला भेटायला कधी येऊ?"

"आत्ता."

"आत्ता? या तेलकट कपड्यांत?"

"तसाच चल." तिने डोळे पुसले आणि किल्ली फिरवली. "उद्या तू गेल्यावर मी रडत बसणार. कोणासाठी रडते, ते आईला ठाऊक नको?"