पोचलो, जेवून घे

चार वाजून बावीस मिनिटांनी टेबलावरचा फोन थरथरला आणि मास्तरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

निरोप मेलेल्या माणसाच्या नंबरावरून आला होता. "पोचलो. जेवून घे."

त्या माणसाची बायको शांतपणे उठली. तिने ताटावरचं झाकण काढलं आणि पाहुण्यांकडे ढुंकूनही न बघता जेवायला लागली.

"पाहिलंत?" दारात उभ्या लेकीचा आवाज चिरकला. "बाबांना जाऊन महिना झाला. विमानातच गेले, खिडकीशी बसल्या बसल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हा निरोप येतो. आणि आई त्या दोनच दिवशी जेवते. बाकीचे दिवस नुसत्या चहावर. असं किती दिवस चालेल, बाई?"

खासगी तपासाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या बाई पहिल्या भेटीत कुणालाच धीर देत नसत. त्यांची वही सांभाळणारे मास्तर मात्र हादरले होते. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाचा भुतांवर विश्वास कसा असणार? पण या घडीला त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना.

"यांचं काम मोठमोठ्या कारखान्यांतले वजनकाटे दुरुस्त करायचं," जेवता जेवता काकू म्हणाल्या. "विमानाचा प्रवास कायमचा. उतरल्याचं कळवायचे, मग मी जेवायची. पंचवीस वर्षं. बाहेर कुणाला सांगितलं नाही कधी. लोक हसले असते."

"फोन कसा होता?" बाईंनी विचारलं.

"बटणांचा, जुना. कुलूप-बिलूप काही नाही." लेकीने भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथे बारीक गोल पिनेचा चार्जर लटकत होता. "सामान मिळालं, फोन नाही मिळाला. निरोप आला की मी लगेच उलट फोन लावते. बंदच असतो. एकदाच लागला होता."

"कोण बोललं?"

"कुणी नाही. नुसतं घूंऽऽ असं. खूप उंचावरच्या वाऱ्यासारखं."

मास्तरांनी नकळत छताकडे पाहिलं.

त्या विमानात शेजारी बसलेला दातांचा डॉक्टर त्यांना त्याच्या दवाखान्यात भेटला. "त्या मार्गाने मी एकदाच गेलो, आता नाव काढणार नाही," तो म्हणाला. "कानात बोळे घालून झोपलो होतो. जाग आली तेव्हा एअर होस्टेस त्यांच्यापाशी वाकून बोलत होती. चांगली पाच-दहा मिनिटं. ते काय बोलत होते देव जाणे. मग त्यांची मान कलली."

विमान साफ करणाऱ्या टोळीचा मुकादम तोंडाळ निघाला. "आमच्यावरच येणार होतं, ठाऊक होतं मला! सापडलेली टाचणीसुद्धा पेटीत टाकतो आम्ही. रविवार सोडून रोज येतो. चारला विमान उतरतं. वीसेक मिनिटांत सगळी माणसं गेली, की धूळ ओढायचं मशीन लावतो. तेव्हा आत कर्मचाऱ्यांशिवाय चिटपाखरू नसतं."

त्या विमानातली हवाईसुंदरी एका खोलीत एकटी राहत होती. खोली नीटनेटकी, पण खिडक्या बंद. उशाशी रुंद काचेचा नवा फोन, आणि त्याच्याशेजारी प्लगात खोचलेला बारीक गोल पिनेचा चार्जर.

"मी त्यांना एकच वाक्य बोलले," ती म्हणाली. "फोन बंद करा. नियमच आहे तो."

"कसला डोंबलाचा नियम!" मास्तर उसळले. "शेवटच्या घटकेला माणसाला घरी बोलू द्यायला नको? विमानात फोन चालू ठेवू दिलाच पाहिजे."

ती पांढरीफटक पडली. निरोप घेऊन ते दारापर्यंत गेले, तेव्हा मागून तिने हळूच विचारलं, "त्या काकू... जेवतात ना?"

बाई थबकल्या. "गुरुवारी त्यांच्या घरी या," त्या म्हणाल्या, "आणि तो फोन बरोबर आणा."

गुरुवारी दुपारी चौघी आणि मास्तर त्या टेबलाभोवती बसले. ताट झाकलेलंच होतं. काकूंचे गाल आणखी खोल गेले होते.

"निरोप आठवड्यातून दोनदाच," बाई म्हणाल्या. "विमान रोज येतं, मुकादमही रविवार सोडून रोज येतो. मंगळवार-शुक्रवार हे काही त्याचे खास दिवस नव्हेत. डॉक्टर पुन्हा फिरकलाच नाही. निरोप येतो चार बाविसला, उतारू निघून गेल्यावर. तू उलट फोन लावलास तेव्हा कानावर पडलेला वारा, मुली, धूळ ओढायच्या मशीनचा होता. म्हणजे निरोप पाठवणारं माणूस रिकाम्या विमानात होतं, आणि ते कर्मचारीच. मग हिच्या उशाशी तो चार्जर दिसला. तिचा फोन त्याच्यावर चालणारच नाही."

"पण हीच कशावरून?" मास्तरांनी विचारलं. "चार्जर कुणाकडेही असतो."

"एकच वाक्य बोलले, असं ही म्हणाली. डॉक्टरने पाच-दहा मिनिटं सांगितली. आणि काकू जेवतात का, हे तिने विचारलं. ही गोष्ट घराबाहेर एकाच माणसाच्या, काकूंच्या नवऱ्याच्या तोंडून गेली असणार." बाई हवाईसुंदरीकडे वळल्या. "मुली, त्या मार्गावर तुझी पाळी कोणत्या दिवशी असते?"

"मंगळवार. शुक्रवार." हवाईसुंदरीने जुना फोन टेबलावर ठेवला. तिला रडू आवरेना. "ते काहीतरी लिहीत होते. मी फोन बंद करून काढून घेतला, तेव्हा म्हणाले, ती जेवायची थांबलीय. मी म्हटलं, उतरल्यावर मीच पाठवते. आणि ते गेले. धावपळीत फोन माझ्या खिशातच राहिला. दिला असता तर सांगावं लागलं असतं, की मरणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द मी अडवले. म्हणून दर वेळी... निदान त्या जेवतील म्हणून."

"तुझ्या त्या दयेपायी बाकीचे पाच दिवस ही बाई उपाशी राहिली," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "आणि अडवलं काहीच नाहीस. तेवढ्या उंचीवरून त्या फोनचा निरोप कुठे पोचलाच नसता."

काकू मात्र फोनकडे बघत होत्या. "हे शब्द तू जुळवलेस?"

"नाही. तुमच्या नावाने लिहून ठेवलेलं आत सापडलं. मी नुसतं बटण दाबलं."

"ते वरच लिहून ठेवायचे," काकू म्हणाल्या. "उतरल्यावर घाई नको म्हणून. म्हणजे तू घेतलास तोवर लिहून झालं होतं त्यांचं." त्यांनी तो जुना फोन छातीशी धरला. "मी म्हणत होते ना, हे त्यांचंच आहे!"

मास्तरांना विमानातल्या फोनवरचं आपलं मत आठवलं आणि त्यांनी वही मिटली.

काकूंनी फोन फडताळात ठेवला. मग दुसरं ताट घेतलं आणि हवाईसुंदरीपुढे मांडलं.

"आई," लेक दबकत म्हणाली, "आज गुरुवार आहे."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या ताटावरचं झाकण काढलं.