बिनआवाजाची खोली

दार लोटून घ्या रे, वारं येतंय. आणि मधेच कुणी "खरंच का चाचा?" म्हणालं, तर हा बद्रुद्दीन सुतार उठून झोपायला जाईल. पुढचं तुमचं तुम्ही जुळवत बसा.

कोंडाजी गवंडी माझा दोस्त. गोष्ट त्याची आहे. पण त्यातलं दार माझ्या हातचं, म्हणून थोडी माझीही.

दहा वर्षं झाली. सन छत्तीस, भाद्रपद, अविधवा नवमी. सवाष्णपणी गेलेल्या बायकोचं पान ठेवायचा दिवस. दुपारी कोंडाजीनं मुक्ताबाईचं पान ठेवलं, आणि दिवेलागणीला तुंगार्लीच्या बंगल्यावरून निरोप आला. शेठाणी चार रात्री राहून कालच मुंबईला परतली होती. म्हणे, तिच्या खोलीत आवाज येतो, फट कुठं आहे ते बघून ठेव. कोंडाजीनं कंदील घेतला. भिंत ठोकून बघायला एक हातोडी घेतली. फट सापडलीच तर बुजवायचं काम सकाळी. मला म्हणाला, "चल की, बद्रू." मी पोरीला ताप आहे म्हणून सांगितलं. ताप वगैरे काही नव्हता.

ती खोली आम्हीच बांधलेली, दोन वर्षांआधी. शेठाणीला डोक्याचा आजार. घाटात गाडीची शिट्टी झाली की बाई उशीत तोंड खुपसून रडायची. शेठ म्हणाला, काहीच ऐकू येणार नाही अशी खोली द्या. कोंडाजी म्हणाला, "शेट, जितनं वारं जातं, तितनंच आवाज जातो. वारं आडवलं की झालं." भिंतीच्या आत त्यानं दुसरी भिंत घेतली. दोहोंमधे वीतभर पोकळी, आणि तीत वडिवळ्याहून गाड्या भरून आणलेलं भाताचं तूस ठासलं. खिडकी नाही. दार मी केलं. दोन पदरी, मधे लोकरीचा जाड नमदा, कडेनं काथ्या, बाहेरून अडसर. आतून कडी ठेवलीच नाही, कडीच्या भोकातूनही आवाज शिरतो. असं काम मी पुन्हा केलं नाही. इतकं चांगलंही नाही.

श्रावणात चुना वाळेना. मग खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची आणि दार लावायचं, ही आम्हा लोकांची नेहमीची रीत. एरवीच्या घरांना सतरा फटी असतात. हिला एकही नव्हती.

मुक्ताबाई नवऱ्याच्या हाताखाली चुना मळायची. खोली पारखायची म्हणून तिला वाजवायला थाळी देऊन आत बसवली, पेटत्या शेगडीपाशीच. अडसर घातला, कान लावले. काही नाही. कोंडाजी हसला, मीही हसलो. तेवढ्यात शेठची मोटार आली. मी म्हणालो, वहिनीला बाहेर घे. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आतच. शेटलाच दावू."

शेठनं आधी गच्ची बघितली, मग नळ, मग फरशी. त्याला थांबवायची आमची छाती नव्हती. तास गेला. मग त्यानं दाराला कान लावला आणि खूश झाला. म्हणाला, "वा, काहीच ऐकू येत नाही!" आम्हीही मान डोलावली.

अडसर काढला. ती दाराशीच होती.

कोंडाजी रडला नाही. मलाही काही वाटेना, खरं सांगतो, हात बधिर व्हावा तसं सगळं अंग झालं होतं. चौदाव्या दिवशी तो कामावर आला आणि खोलीच्या चुन्याचा शेवटचा हात त्यानंच मारला. मला एकदाच विचारलं, "तिनं हाक मारली आसंल का रं?" मी नाही म्हणालो. मला काय माहीत?

तर त्या नवमीला रात्री दहाला तो बंगल्यावर पोचला. राखणदार गेणू फाटकाशीच थांबला, म्हणाला, "भाऊ, मी न्हाई येत तिकडं." कोंडाजीनं चारी भिंती ठोकून पाहिल्या. फट नाही. बाहेर आला, अडसर घातला. अकरा वाजले असतील.

टण्...

त्यानं अडसर काढला. आत कुणी नाही. घातला.

टण्... टण्...

"मुक्ते?"

...

पुन्हा काढला. रिकामी खोली. पुन्हा घातला. पुन्हा टण्.

काय रे नसीर, दाराकडे काय बघतोस? ऐक.

तिसऱ्या वेळी त्यानं दार उघडलं नाही. कंदील बारीक केला, दाराला पाठ लावून खाली बसला. म्हणाला, "वाजीव. त्या दिशी ऐकलं न्हाई. आज सारं ऐकतो."

थाळी घाईनं वाजायला लागली. मग थाळी पडली. मग दारावर हात... दोन्ही हात. मग तिचा आवाज. "अवो..."

आणि सगळं थांबलं.

एकदम. तो वाट बघत बसला. थाळी नाही, हाक नाही. रातकिडेसुद्धा नाहीत. त्याला वाटलं, संपलं. तसाच बसून राहिला, पहाटेपर्यंत.

उजाडताना गेणू धीर करून वर आला. डोळे लाल. म्हणाला, "भाऊ, रातभर कसं बसवलं वो तुमाला? मला फाटकावर ऐकवंना. कोंबडं आरवंस्तवर बाई वरडत व्हती."

कोंडाजी म्हणाला, "एका हाकंनंतर मला तर कायबी ऐकू आलं न्हाई."

गेणूनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं... आणि दोन पावलं मागं सरला.

कोंडाजी तिथून तडक माझ्याकडे आला. त्याच्या तोंडावरचा चुना मीच धुतला, या हातांनी. बंगल्यात दोन वर्षांत कुणी चुना कालवला नव्हता, आणि हा ओला होता. त्याच्या दोन्ही कानांवर चुन्याचे दोन तळवे उमटलेले, मागून गच्च दाबल्यासारखे. बोटं गालांवर आलेली. बारीक बोटं, बाईची.