कच्चा टाका

पावती पहिली. काम : पदकाची फीत शिवणे. तयार : शनिवारी.

पदक आधी आत आलं, माणूस मागाहून. उंबरठ्यावरून गडगडत येऊन ते तिच्या शिलाई मशीनच्या पायडलाशी आडवं झालं. पाठोपाठ तो वाकून शोधत आला, आणि मग वाकलेलाच राहिला.

"फीत कुजली होती… तुटली," तो म्हणाला.

तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या. तशीच ती म्हणाली, ठेवून जा. तो नुसता बघत राहिला.

"टाचण्या काढून बोलाल? मला ऐकू येत नाही. ओठ वाचतो मी."

तिने एकेक टाचणी काढली. तिच्या ओठांकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी पाहिलं नव्हतं — आणि याला तर फक्त शनिवार की रविवार एवढंच हवं होतं.

तो आरमारातला इंजिनियर, आता गोदीत कामाला. अर्धे कान इंजिनाच्या धडधडीने नेले, उरलेले युद्धातल्या स्फोटाने.

पावती दुसरी. काम : तेच. कारण : उसवली.

उसवणारच होती. तिने कच्चा टाका घातला होता, गाठ न मारता. तो पुन्हा यावा, बस्स, इतकंच मनात होतं.

पलीकडे कापड बेतणारे मामा कात्री न थांबवता म्हणाले, "काय गं, शिवायला पदक येतं की पदकवाला?"

तिने घाईघाईने टाचण्या तोंडात धरल्या.

पावती तिसरी. चौथी. पाचवी.

एका शनिवारी त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या मशीनला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. असं ऐकू येतं मला, म्हणाला. "टेलरबाई, तुमचं मशीन डावीकडून रडतंय."

"मीसुद्धा," ती टाचण्यांआडून पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. तेल घाला म्हटलं."

त्याने तेल घातलं. मग, कुणी विचारलं नसताना, पदकाचं सांगितलं. इंजिनरूममध्ये पाणी शिरलं तेव्हा खाली दोघंच होते. एकाने व्हॉल्व्ह दाबून धरायचा, दुसऱ्याने वर जाऊन पंप चालू करायचे. जोडीदाराने याला शिडीकडे ढकललं. जहाज वाचलं, जोडीदार पाण्याखालीच राहिला. पदक वर आलेल्याला मिळालं.

आता रविवारी धक्क्यावर स्मृतिदिन होता. तिथे तो पदक छातीवर लावून शेवटचं एकदा उभा राहणार होता, आणि मग काढून जोडीदाराच्या बायकोच्या, वहिनींच्या हातात देणार होता.

"तेवढं टिकेल ना?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. आज पक्का घालायचा, तिने ठरवलं. सुई ओवली, आणि तेवढ्यात मामांच्या कुठल्याशा शेऱ्यावर तो हसला. पहिल्यांदाच. पक्का घातला तर पुढचा शनिवार नाही; कच्चा राहिला तर वहिनींसाठी तरी तोच शिवायला घेऊन येईल… एका दिवसात असं काय उसवणार आहे?

पावती नाही.

पुढच्या शनिवारी तो आला. कोट हातावर, कोटावर रिकामी फीत. मामा त्याच्याकडे एकदा बघून चहाला म्हणून बाहेर गेले.

फुलं पाण्यात सोडायला वाकलो, त्याने सांगितलं. फीत राहिली, पदक गेलं. वहिनी हात पुढे करून उभ्याच होत्या.

"काय म्हणाल्या?"

"आधी पाण्याकडे बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, त्यांच्याकडे गेलं म्हणायचं. आणि हात पदरात घेतला."

टाचण्या तोंडात होत्या. त्यांच्याआड सगळं बोलता आलं असतं, त्याला कधी कळलंही नसतं. तिने एकेक काढून उशीला टोचली.

"मी मुद्दाम कच्चा टाका घालत होते. पाचही वेळा. तुम्ही यावं म्हणून."

तो तिचे ओठ थांबल्यावरही वाचत राहिला.

"माहीत होतं," तो म्हणाला. "सैल नट मी झोपेतही ओळखतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर… तू घट्ट शिवलं असतंस."

तू. इतके शनिवार तिने याच शब्दाची वाट पाहिली होती, आणि तो आला तो रिकाम्या फितीसोबत.

"रागवा तरी," ती म्हणाली.

"कुणावर? आपल्या दोघांच्या हौसेपायी गेलं ते. वहिनींचा तो पुढे केलेला हात दिसतो मला. इथे बसून हसायला लागलो की दिसणारच." त्याने कोट पुढे सरकवला. "दुसऱ्या बंदरात बदली घेतली मी. ही फीत कोटाला लावून दे. या वेळी पक्की."

पावती सहावी. काम : फीत, पक्की. तयार : लगेच.

तिने दुहेरी दोरा घेतला. बारीक, जवळजवळ, बावीस टाके. मध्ये दोनदा सुई दिसेनाशी झाली तेव्हा थांबली. प्रत्येक टोकाला गाठ. घट्ट शिवलेलं दुकानात परत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तिने दोरा दाताने तोडला.

कोट चढवून त्याने फीत ओढून पाहिली, इंजिनियर ओढतात तशी, जोर लावून. फीत हलली नाही. तो थोडा वेळ ती तशीच धरून उभा राहिला.

तयार काम घेतलं की पावती दुकानात ठेवून जायची असते. त्याने ती उचलली. तळाला छापलेली ओळ होती, 'शिलाई उसवल्यास परत आणावे.' त्याने ती वाचली, पावतीची घडी केली आणि फितीखालच्या खिशात ठेवली.