दिवस बुडायच्या आत

मी दाराची एक फळी लावली होती आणि दुसरीला हात घातला होता, तेवढ्यात एक माणूस सायकल अंगणात आडवी टाकून पळत पायरीपाशी आला. निळा डगला, कोपरापर्यंत ग्रीस, केसांत कापूस. सायकलचं मागचं चाक अजून फिरत होतं.

"जेवान मिळंल का?"

"बंद झालं. दिवस बुडाला की आमी वाढत न्हाई. जैनाची खानावळ हाय."

"मी बी जैनच. म्हणून तर पळत आलो." त्यानं मागं वळून हात केला. "आन् दिवस कुटं बुडालाय? गिरणीच्या चिमणीमागं लपलाय नुसता."

मी पाहिलं. चिमणीच्या एका कडेनं खरंच नखाएवढा उजेड दिसत होता.

"बसा," मी म्हटलं. "पर मी वाढीपर्यंत त्यो गेला, तर माज्याशी भांडायचं न्हाई."

पाच मिनिटांत त्यानं दोन भाकरी, वाटीभर मुगाची आमटी आणि शेंगाची चटणी संपवली. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा एकदाच मान वर केली.

"चटणी कुणी कुटलीया?"

"मी. का?"

"काय न्हाई... कुणावर तरी लय राग काडलाय तिच्यात."

"बंद व्हायच्या टायमाला येणाऱ्या गिऱ्हाइकावर," मी म्हटलं आणि ताट उचललं. आत आल्यावर मात्र मला हसू आवरेना. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पिठात हात घातला.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. माधवनगरात गिरणीच्या फाटकासमोर आमची खानावळ. बाबा गेल्यावर आईनं घराच्या पुढच्या सोप्यात पाट मांडले आणि सगळी गिरणी तिला आक्काताई म्हणायला लागली. त्याच्या आदल्या दिवाळीपर्यंत आमच्याकडं रोज तीन पंगती उठत. मग गिरणीच्या शेठनी शेजारच्या राज्यात जागा घेतली. तिथलं सरकार म्हणे जमीन फुकटात देत होतं आणि वीज निम्म्या भावानं. कापड विणायचे माग तिकडं चालले. माणसांपैकी ज्याला जमेल त्यानं यावं, नाहीतर घरी बसावं. समोरच्या सायकलवाल्यानं दुकान सांगलीत हलवलं, न्हाव्यानं खुर्ची विकून टाकली, भाड्याच्या खोल्यांना कुलपं लागली. भाजीवाली हरणाबाईसुद्धा टोपली अर्धीच भरून आणायची. आमच्या तीन पंगतींची एक झाली आणि तीही विरळ.

दुसऱ्या दिवशी आमचं जुनं गिऱ्हाईक, गिरणीतला विणकर अण्णाप्पा जेवताना म्हणाला, "त्यो काल पळत आला न्हवं, त्यो सातारचा फिटर, धरणेंद्र. माग खोलायला आणलाय शेठनं."

मला राग आला. तो खरं तर शेठचा यायला हवा होता, पण शेठ कधी आमच्याकडं जेवायला येत नव्हता. संध्याकाळी समोर हा बसला होता.

"म्हंजे आमच्या पंगती तुमी उठवताय," मी आमटी वाढता वाढता म्हटलं.

त्याचा घास हातातच राहिला. "मी न्हाई खोललं तर दुसरा खोलंल. आन् त्यो हातोड्यानं खोलंल. मी पान्यानं खोलतो. एकेक सुटं करून, पुसून, नंबर घालून. तिकडं जाऊन माग पुन्यांदा उभा ऱ्हायला पायजे का नको?"

"लय माया हाय मागावर."

"हाय की. माणसावर बी हाय... पर माणूस तोंडावर दार लावतंय."

मी आमटीचं पातेलं उचलून आत गेले. पण त्या दिवसापासून दुसरी फळी लावायला मला उगाच उशीर व्हायला लागला.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो, हे मी लहानपणापासून ऐकत होते. त्या वर्षी ते मला मोजता आलं. तो रोज एकाच वेळी सुटायचा; आधी पाच मिनिटं बसायचा, मग दहा, मग चांगला पाव तास. सोप्यात शेवटचं ऊन पसरलेलं असायचं आणि पंगत उठून गेलेली असायची. तो मूळचा आष्ट्याचा. आईवडील नाहीत, थोरला भाऊ शेत बघतो. साताऱ्याला औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये कामाला. तिथल्या वाऱ्याच्या, खोलीच्या, करपलेल्या भाकऱ्यांच्या गोष्टी सांगायचा. "भाकरी थापायला चुकतो का भाजायला, तेवडं सांगा की," म्हणायचा. मी म्हणायची, "कुणीतरी थापून देणारी बघा." तेवढ्यात आत आईचं थापणं थांबलेलं असायचं.

एकदा मी त्याच्या हातावर पाणी घालत होते. राख आणि लिंबाची साल दिली होती, तरी नखांतलं काळं निघेना.

"ह्ये काळं जाईल का कवा?"

"जाईल की. माग संपले म्हंजे जाईल," मी म्हटलं.

बोलून गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. शेवटचा माग गाडीत चढला की हा माणूसही जाणार होता. त्यानं हात झटकले, पण पाणी घालणारा माझा हात कुणी धरून ठेवल्यासारखा क्षणभर त्याच्या हातापाशी राहिला.

आणि मग एका गुरुवारी तो चक्क टळटळीत ऊन असतानाच आला. चेहरा फुललेला.

"एक काम करून आलोय. तिकडच्या गिरणीत खानावळ पायजे. मी म्यानेजरला तुमचं नाव दिलं. क्वार्टर बी मिळंल. व्हय म्हणाला त्यो."

"कुणाला इचारून?"

"न्हाई... म्हंजे... मला बी तिकडं कायमची नोकरी देत्यात. तवा मला वाटलं, तुमी बी..."

"मी काय माग हाय?" मी म्हटलं. "नंबर घातला, गाडीत चडवला, तिकडं न्हेऊन उभा केला? हितं अजून पंचवीस माणसं जेवत्यात. काम गेल्यालीच हैत सगळी. त्येनी कुटं जायाचं?"

तो पायरीवर बसला. "मला माग हलवाय येतंय," हळूच म्हणाला. "माणसाला कसं इचारायचं, ते कुणी शिकिवलं न्हाई."

यावर कुणीही विरघळलं असतं. मी ताडकन आत निघून गेले आणि चुलीपुढं बसून रडले. तो मला हवा होता, सरळच सांगते. आणि तो असा गाठोड्यात बांधून न्यायला निघाला होता, त्याचा राग होता.

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी दुपारी अण्णाप्पानं सांगितलं, "उद्या लॉऱ्या निघणार. त्यो अंधारापतूर काम करतोय, आन् दिवस बुडाल्यावर खात न्हाई. दोन दिस शेंगा-गुळावर हाय."

आईनं डबा भरला आणि माझ्यापुढं ठेवला. "तूच जा. माजं गुडघं दुखत्यात."

आईचे गुडघे सोयीनं दुखत.

बाबांनी त्या गिरणीत वीस वर्षं काढली, पण मी फाटकाच्या आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. केवढं मोठं ते दालन, आणि केवढं रिकामं. जिथं माग होते तिथं फरशी पांढरट दिसत होती, कडेनं तेलाचे डाग आणि बोल्टांची चार चार भोकं. पार टोकाला बारा माग अजून उभे होते. धरणेंद्र त्यातला एक फडक्यानं पुसत होता. मला पाहून त्यानं ते फडकं उगाचच खिशात कोंबलं.

"ह्ये ऱ्हायले की," मी म्हटलं.

"ह्ये जात न्हाईत. जुने हैत, गाडीभाडं परवडत न्हाई म्हणं. सोमवारी भंगारवाला येणार."

"चालत न्हाईत?"

"चालत्यात की. झ्याक चालत्यात."

"मग भंगारात जाणारा माग पुसताय कशाला?"

तो ओशाळला. "बिगर पुसता कसा द्यायचा?"

त्या क्षणी माझा सगळा राग उतरला. असा माणूस मी लॉरीत बसून जाऊ देणार नव्हते.

"ह्यातलं चार आपल्याला भंगाराच्या भावानं मिळतील?"

"मिळतील. पर ठेवू कुटं? आन् चालीवणार कोण?"

"अण्णाप्पा हाय. घरात बसून खुळा व्हाय लागलाय. आन् जागा..." मी फाटकापलीकडं हात केला. "आमचा सोपा हाय. एकच पंगत ऱ्हायलीया, ती मागल्या परड्यात बी बसंल."

"आन् माजी तिकडची नोकरी?"

"त्ये तुमचं तुमी ठरवा. मी काय म्यानेजरला तुमचं नाव दिल्यालं न्हाई. मी तुमालाच इचारतीया... ऱ्हाता का?"

त्यानं खिशातून फडकं काढून हात पुसले. मग डोळ्यांत हसू आणून म्हणाला, "मागासाटी इचारताय, का माज्यासाटी?"

"दोनीसाटी." मी मान खाली घातली. मग वाटलं, आता लपवून काय उपयोग. "तुमच्यासाटी. माग आपला निमित्ताला."

"मग ऱ्हायलो," तो म्हणाला. एवढंच. आणि डबा उघडून बसला, तर पहिला घास तोंडात जायला त्याला किती वेळ लागला.

अर्थात आईला सांगायचं राहिलंच होतं. मी तिला मागांचं सांगितलं, जागेचं सांगितलं. आमच्या दोघांचं सांगायला जीभ उचलेना. ती सगळं ऐकत पीठ मळत राहिली आणि शेवटी म्हणाली, "सोप्याचं कळलं." तेवढंच. रात्रभर मी कूस बदलत राहिले. आईनं नको म्हटलं असतं, तर तिला सोडून मी कुठंही गेले नसते, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

रविवारी लॉऱ्या निघाल्या. सगळं माधवनगर रस्त्याच्या कडेला उभं होतं. पुढच्या लॉरीत ड्रायव्हरच्या शेजारची धरणेंद्रची जागा मोकळीच गेली. दुपारी अण्णाप्पानं आणलेल्या बैलगाडीतून दोन खेपांत चार माग आमच्या अंगणात उतरले. सोप्यातले पाट आईनं स्वतःच्या हातानं उचलले, पुसले आणि परड्यात नेऊन ठेवले. त्या वेळी तिनं एकदा पदरानं डोळे टिपले, मी पाहिलं.

माग सोप्यात बसेपर्यंत उन्हं उतरली. अण्णाप्पा घरी गेला. धरणेंद्रनं हातपाय धुतले आणि मागांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अवघडून उभा राहिला. आमच्याकडं गिऱ्हाईक बाहेर जेवतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत इतक्या वर्षांत घरच्या माणसाखेरीज कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं.

"उभं का?" आई आतून म्हणाली.

"परड्यात बसतो आक्काताई. हितं आता जागा न्हाई."

"परड्यात गिऱ्हाईक बसंल," आई म्हणाली. तवा उतरवल्याचा आवाज आला. "तू आत ये. चुलीपाशी बस."

आजवर तिनं त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे भरून आले. तो उंबऱ्यापाशी थांबला, वाकून चौकटीतून आत आला आणि मी माझा पाट सरकवून त्याला शेजारी जागा केली.