डावीकडे चार बोटं

बसा साहेब. त्या टायरवर नको, पँट काळी होईल. हे स्टूल घ्या. लाईट गेली म्हणजे आता तासभर तरी यायची नाय. आमच्या पेणची लाईट म्हणजे रुसलेली नवरी, मनात येईल तेव्हा येणार. मी कंदील लावतो. तुमचं हवा-पाणी बघून झालं, तो एक फॅनचा पट्टा चढवला की सुटलात. चहा सांगितलाय. वहिनी पलीकडे गणपतीच्या कारखान्यात मूर्ती बघतायत, बघू देत. कुठवर जाणार म्हणालात? कन्याकुमारी? गाडीनंच?

बरं… लांब आहे.

मग एका गाडीची गोष्ट सांगतो. तीही कन्याकुमारीलाच गेली होती. आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेताच्या गप्पा मारणारा माणूस नाय. असल्या गप्पा मारत कोणी इथे बसला तर मी त्याच्या हातात पाना देतो आणि नट आवळायला लावतो. पण ही गाडी मी या हातांनी खोलली आणि याच हातांनी जोडली, तेव्हा मध्ये हसू नका.

लँडमास्टर होती. रोह्याच्या डॉक्टर महादेवरावांची. बाळंतीण अडली, कोणाला पान लागलं, साप चावला, की डॉक्टर स्वतः गाडी काढायचे, खाडीकाठच्या गावांपर्यंत जायचे. ते वारले आणि गाडी शेडमध्ये कुलपात पडली. त्यांची मुलगी अनसूयाबाई. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. रिटायर झाल्या आणि त्यांच्या डोक्यात आलं, की जुन्या गाड्यांची मुंबई ते कन्याकुमारी अशी एक दौड निघते, तिच्यात वडलांची गाडी घेऊन उतरायचं. शर्यत नव्हे बरं का. पळायचं नसतं, टिकायचं असतं. जाऊन परत यायचं, आणि गाडीनं कुठे मान टाकायची नाय.

"कमळाकर," मला म्हणाल्या, "वाटेत धक्का मारायची वेळ आणू नकोस."

"बाई, गाडी तुम्हाला घरी आणून सोडेल," मी म्हटलं. "जबाबदारी माझी."

गणपती गेले तेव्हा गाडी माझ्याकडे आली, शिमग्याच्या आधी ती सुटायची होती. इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या, ब्रेक नवे, वायरिंग नवं. रेडिएटर आतून खरवडून घेतला, कारण घाटात तोच दगा देतो. मागची सीट नव्या रेक्झिननं मढवली. इंजिन असं बोलायला लागलं, की शेजारचे मूर्तिकार ब्रश ठेवून ऐकायला यायचे. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मग गाडी सपाट लादीवर उभी केली, आणि ती मागे डावीकडे बसली.

चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालून बघितलं. उजवीकडच्यापेक्षा डावीकडे चार बोटं कमी. म्हटलं, स्प्रिंगचे पाटे थकले असतील. नवे पाटे घातले. तरी बसली. डावे पाटे उजवीकडे नि उजवे डावीकडे केले. तरी डावीकडेच. चिडून गाडी वजनकाट्यावर नेली, तर वजन अगदी बरोबर, रतीभर जास्त नाय. म्हणजे आत काही नाय, आणि तरी गाडी बसते! तीन दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाय.

त्यातच ती सीट. रोज सकाळी डाव्या बाजूचं रेक्झिन ओलं. थंडीचे दिवस, छत गळत नाय, ओल येणार कुठून? दुपारी ते वाळलं की वर पांढरी खर धरायची. बोटानं उचलून जिभेला लावली. मीठ होतं. दार उघडलं की वास यायचा, ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो ना, तो.

एके सकाळी मी एकटाच नागोठण्यापर्यंत चक्कर मारायला निघालो. धुकं होतं. भातशेतं कापून झालेली, सगळीकडे नुसता करडा रंग. गाडी लोण्यासारखी चालली होती. पूल आला, आणि मागचा पाटा करकरला… हळू. बसल्या जागी कोणी पुढे सरकून खिडकीबाहेर बघावं, तसा. आरशात बघितलं. सीट रिकामी. पुढे एक मोरी लागली, तिथे पुन्हा तेच. खड्ड्यात गाडी आवाज करत नव्हती, वळणावर करत नव्हती. फक्त पाणी ओलांडताना. परत येताना मी आरसा छताकडे फिरवून ठेवला. भ्यालो होतो साहेब, सरळ सांगतो.

त्या आठवड्याच्या बाजाराला पुतळी आली. पुतळी म्हणजे सुकट-बोंबील विकणारी आगरीण, रोह्याकडच्या खाडीकाठच्या गावची. वय पन्नाशीच्या पुढे, पण तोंड असं, की बाजार तिला वचकून असतो. माझ्या दारातून जाताना काहीतरी बोलल्याशिवाय तिला घास गिळत नाय. "मेस्तरी, आज पण बायकोनं हाकलला काय?" असं. त्या दिवशी काही बोलली नाय. टोपली खाली ठेवली, गाडीच्या मागच्या डाव्या खिडकीशी गेली आणि डोक्यावर पदर घेतला.

"मेस्तरी, ही रोह्याच्या डाक्टरांची ना?"

"व्हय."

"हिकडं बसते ना गाडी? डावीकडं?"

मी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. नवे पाटे घालून गाडी बसते, हे कोणता मेस्तरी सांगेल?

"आय हाय ती माझी," पुतळी म्हणाली.

मग तिथेच लादीवर बसून तिनं सांगितलं. तिची आई धोंडुबाई दुसऱ्या बाळंतपणाला अडली. डॉक्टर तिला गाडीत घालून अलिबागेकडे निघाले, पण ती वाटेतच गेली. गाडी माघारी फिरवली. त्यांच्या गावात रीत अशी, की बाहेर मेलेलं माणूस घरी आणताना कोणीतरी त्याच्या शेजारी बसायचं, आणि दर पुलावर, दर फाट्यावर नाव घेऊन हाक मारायची, पूल आला, चल. नायतर जीव चुकतो, पाण्यापलीकडे राहतो. आणि दारात आलं की सांगायचं, घर आलं, उतर. तिचा बाप जनू शेजारी बसून सारी वाट हाका मारत आला. पण त्या दिवशी उधाण होतं. गावची वाट पाण्याखाली. गाडी बांधावरच थांबली, होडी आणली, पाणी चढत होतं, माणसं घाई करत होती. प्रेत उचलून होडीत ठेवलं, आणि गाडीशी कोणी 'उतर' म्हणालंच नाय.

"मी बांधावर हुभी होते," पुतळी म्हणाली. "परकरातली पोर. बापाला दोन दिसांनी ध्यानात आलं. पण डाक्टरांना कसं सांगनार? ज्यांनी उपकार केले त्यांनाच सांगायचं, तुमच्या गाडीत आमचं मानूस राहिलंय? बाप मरेपर्यंत बोलला नाय. मी रोह्याला गेले की शेडच्या फटीतनं बघायची… आता ही गाडी कुठं चालली, मेस्तरी?"

"कन्याकुमारी."

तिनं माझा हातच धरला. "नको रं. आय आनखी लांब जाईल. तिला घरी आनू दे."

मला वाटलं, अनसूयाबाई हसतील. शिकलेली बाई, केमिस्ट्रीवाली. त्या आल्या, सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बाबा मागचा डावा दरवाजा कोणाला उघडू देत नसत. का, ते कधी सांगितलं नाही."

दौडीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. बाई गाडी चालवत होत्या, मी शेजारी, मागे उजवीकडे पुतळी. पहिला पूल आला, पाटा करकरला, आणि पुतळीच्या तोंडून शब्द फुटेना. आईचं नाव कसं घ्यायचं? डोळे मिटून तिनं घेतलं. "धोंडुबाय… पूल आला गो. चल." पाटा शांत झाला. मग दर पुलाला, दर मोरीला तेच. रोहा मागे पडलं, खाडीचा वारा लागला, दिवस मावळला. कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

आता गावात डांबरी झाली आहे, गाडी थेट पुतळीच्या दारात गेली. तिन्हीसांज होती. सुनेनं दिवा आणला. पुतळीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मागचा डावा दरवाजा उघडला. मी मडगार्डवर हात ठेवून उभा होतो.

"धोंडुबाय, घर आलं गो… उतर आता."

हाताखाली गाडी उचलली गेली, साहेब. आई शपथ! माणूस उतरल्यावर उचलते तशी. खारा वास माझ्या अंगावरून गेला, दिव्याची ज्योत आडवी झाली, आणि उंबरा ओला झाला. पुतळी दाराला धरून रडायला लागली, सुटल्यासारखी. मलाही भरून आलं.

पण सवय वाईट. मी चाकावर हात घातला. डावीकडे अजून एक बोट कमी होतं.

पुतळीनं माझा चेहरा बघितला. "काय झालं, मेस्तरी?"

"एक बोट… राहिलंय."

ती चाकाशी खाली बसली. "पोर," म्हणाली. "आयचं पोर. गाडीतच झालेलं. रडलं नाय म्हनं. मुलगा की मुलगी, मला कोनी सांगितलं नाय… नावच ठेवलं नाय त्याचं. हाक काय म्हनून मारू?"

तिनं हाका मारल्या. बाळा म्हणाली, सोन्या म्हणाली, चिमणे म्हणाली. गाडी हलली नाय. अनसूयाबाई चटकन म्हणाल्या, "मी होते त्याची आत्या. बाबांच्या हाती जन्मलं ते. आत्ताच नाव ठेवू या." पण पुतळी आडवी आली. तिन्हीसांजेला, पाळणा नाय, घुगऱ्या नाय, चोरासारखं बारसं करायचं? "इतकी वर्सं बसलंय, आनखी थोडे दिस बसंल. तुमी जाऊन या, ताई. आल्यावर वाजतगाजत करू. पन पुलावर सांगत जा त्याला. एकलंच हाय आता."

बाईंनी शब्द दिला आणि पाळला. सोबत त्यांची मैत्रीण मालतीबाई होती, ती हसायची म्हणे. पण दर पुलावर बाई मान मागे वळवून सांगायच्या, "बाळा, पूल आला."

गाडीनं एकदाही मान टाकली नाय. ज्या दिवशी परत यायची, त्या दिवशी पुतळीनं ओटीवर पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं, शेजारणी नव्या लुगड्यांत. नावंही दोन ठरवलेली, एक मुलाचं, एक मुलीचं. मी पेणहून मुद्दाम गेलो होतो. गाडी वळणावरून आली, धुळीनं भरलेली, आणि मला लांबूनच दिसलं. तरी जाऊन चाकावर हात घातला. दोन्ही बाजू सारख्या.

मी अनसूयाबाईंना विचारलं, "बाई, वाटेत मागचा दरवाजा कोणी उघडला?"

त्या म्हणाल्या, तिकडे खाली, समुद्राजवळ मिठागरं लागली. अगदी आपल्याकडच्यासारखी, मिठाच्या पांढऱ्या राशी. रेडिएटरला पाणी घालायला थांबलो. बांधावरून एक बाई आली. सरळ गाडीशी आली, मागचा डावा दरवाजा उघडला आणि आत वाकून काहीतरी म्हणाली. भाषा कळली नाही, पण खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसा आवाज. मग दरवाजा लावून निघून गेली.

"कशी गेली?" पुतळीनं विचारलं.

बाईंनी आपला हात बाजूला धरला. जरा खाली, बोटं वळलेली. लहान पोर बोटाला धरून चालवतात ना, तसा. "मला वाटलं, वेडी असेल," असं म्हणाल्या आणि हात तसाच राहिला त्यांचा.

गाडीनं बाईंना घरी आणून सोडलं होतं साहेब, माझ्या शब्दाप्रमाणे. आतलं माणूस मात्र दुसऱ्याच्या हाकेला उतरून गेलं. कोण ती, कोणत्या नावानं बोलावलं तिनं, देव जाणे.

दुसऱ्या सकाळी पुतळीच्या उंबऱ्यावर मिठाची खर होती. पावलं होती. बाहेर जाणारी. तिनं अंगणापर्यंत, अंगणातून रस्त्यापर्यंत बघितली. पुढे डांबर.

लाईट आली बघा. थांबा, उठू नका, पट्टा चढलाय तुमचा. एकच विचारतो. तुम्ही आत आलात तेव्हा गाडी मी बघितली होती, सरळ होती. आता जरा मागे या. डावीकडे… घाला हात. ही उजवीकडं, ही डावीकडं. तीन बोटं कमी. आणि सीटला हात लावा.

अहो, घाबरू नका! पोराला शोधणारी आई ती, कोणाचं वाईट करत नाय. गोव्याकडची गाडी थांबली की बसते, पण कोणी रोह्याकडे वळतो, कोणी महाडला थांबतो, आणि ती परत येते. तिकडे खालपर्यंत जाणारे तुम्हीच पहिले. वहिनींना सांगायचं तर सांगा, नायतर नको. पूल आला की नाव घेऊन सांगत जा, धोंडुबाई, पूल आला. मिठागरं लागली की गाडी थांबवा, मागचा दरवाजा उघडा आणि लांब जाऊन उभे राहा. पोराला हाक ती मारेल. सावकाश निघा. घाई करू नका.

आणि येताना माझ्याकडे थांबा, मी पैसे घेणार नाय. मला फक्त चाकावर हात घालून बघायचंय, तीन बोटं आहेत की चार. पुतळीनं पाळणा अजून काढलेला नाय.